फळ्या चढवण्याआधी: लाकडी जहाजाच्या मॉडेलचं गणित

लाकडी जहाजाचं मॉडेल बिघडतं सांगाडा घासताना, आणि कळतं शेवटची फळी लावताना. नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, फळ्या सुयांसारख्या निमुळत्या होऊन एकमेकींत घुसलेल्या, पोटाच्या वळणावर फटी, मागे कणा सुकाणूच्या दुप्पट जाड. मग फिलर भरायचा आणि वरून रंग फासायचा. यातल्या बहुतेक दोषांचा हाताच्या कौशल्याशी फारसा संबंध नसतो. मोजमाप आधी झालेलं नसतं, एवढंच. म्हणून इथे डोलकाठ्या आणि दोरांपेक्षा सांगाडा आणि फळ्यांनाच जास्त जागा दिली आहे. पद्धत गृहीत धरली आहे ती सगळ्यात प्रचलित: मधोमध प्लायवूडचा उभा कणा, त्यातल्या खाचांत आडवी बसणारी बल्कहेडं (जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे तुकडे), त्यांवर लाइम या मऊ लाकडाच्या पट्ट्यांचा पहिला थर आणि वर पातळ, चांगल्या लाकडाचा दुसरा थर.

प्रमाण

1:48 म्हणजे खरा एक फूट मॉडेलवर 6.35 मिमी. 1:64 ला तो 4.76, 1:72 ला 4.23 आणि 1:96 ला 3.18 मिमी होतो. 1765 साली पाण्यात उतरलेल्या एचएमएस व्हिक्टरी या ब्रिटिश युद्धनौकेचा तोफांचा डेक 186 फुटी. 1:48 मध्ये तेवढाच भाग 118 सेंमी होतो, 1:72 मध्ये 79 सेंमी. नाळेतून पुढे बाहेर आलेली तिरकी काठी, बाउस्प्रिट, धरली की त्याहून बरंच जास्त. पूर्ण झालेलं मॉडेल दारातून बाहेर निघेल का, त्यावरची काचेची पेटी कुठे ठेवणार, हे प्रश्न आराखडा निवडतानाच विचारावेत.

पहिलं मॉडेल म्हणून शंभर तोफांचं जहाज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अवघड आहे म्हणून नव्हे. प्रत्येक तोफेला गाडा, चार चाकं, मागे ओढ घेणारा जाड दोर आणि दोन्ही बाजूंच्या कप्प्या लागतात, आणि हे सगळं शंभरदा करावं लागतं. बरीच मॉडेलं अर्धवट राहतात ती इथे. एक डोलकाठी आणि दहा-बारा तोफांचं कटर (लहान जहाज) 1:48 किंवा 1:64 ला घेतलं, तर फळ्या, डेक, दोर हे सगळं शिकायला मिळतं आणि काम संपतंही.

प्रमाण डोळ्यांसमोर राहावं यासाठी एक सोपी युक्ती: 170 सेंमी उंचीचा माणूस जाड कागदातून कापून ठेवा. 1:64 ला तो 26.5 मिमी भरतो. कठडा, पायऱ्या, सुकाणूचं चाक, दारं, प्रत्येक गोष्टीशेजारी तो उभा करून पाहायचा. किटमध्ये आलेला कठडा त्याच्या कपाळापर्यंत पोहोचत असेल, तर कुठे चुकलंय ते लगेच समजतं.

लाकूड

इथे एकच कसोटी पाळावी: रेषा आणि रंध्रं जितकी बारीक तितकं चांगलं. खऱ्या जहाजांना ओक आणि सागवान वापरलं जाई, म्हणून मॉडेललाही तेच वापरावं असं अनेकांना वाटतं. पण ओकचं 0.2 मिमीचं रंध्र 1:64 ला जवळपास 13 मिमीच्या भोकासारखं दिसतं. सागवानाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, ती वेगळीच अडचण. किटमध्ये हमखास येणारं अक्रोडही याच कारणाने मला आवडत नाही. रंग सुंदर, पण रेषा भरड आणि पातळ पट्टीला कड तुटण्याची सवय.

पेअर, बॉक्सवूड, मेपल आणि चेरी ही दुसऱ्या थरासाठी उत्तम. पेअर गुळगुळीत कापलं जातं आणि कडा धरून ठेवतं. बॉक्सवूड कोरीवकामासाठी अजोड. चेरी उजेडात हळूहळू गडद होते, हे धरूनच तिचा रंग ठरवावा. होली जवळजवळ पांढरी असते, म्हणून डेकला शोभते. काळ्या एबनीची धूळ त्वचेला आणि श्वासाला त्रास देते. काळ्या रंगात मुरवलेलं पेअर तेच काम कमी त्रासात करतं. लाइम पहिल्या थराला योग्य: छान वाकते, सहज घासली जाते, मात्र वरून लव उठते, त्यामुळे तिला उघडी ठेवू नये. बाल्सा फक्त पोकळी भरायला.

लाकडाच्या धुळीबद्दल हयगय नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ मानवात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. घासताना एन95 दर्जाचा मास्क लावावा, आणि धूळ फुंकून उडवण्याऐवजी ओढून घ्यावी.

सांगाडा

कण्याचं प्लायवूड खोक्यातून काढल्याबरोबर सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटवर ठेवून पाहावं. 60 सेंमीच्या तुकड्यात 2 मिमी वाकही चालत नाही, कारण पुढची प्रत्येक मध्यरेषा त्यावरूनच मोजली जाणार असते. थोडा वाक असेल तर बाहेरच्या बाजूने हलकं ओलं करून वजनाखाली दोन-तीन दिवस ठेवावं. ऐकलंच नाही तर त्याच आकाराचा नवा कणा कापावा. फळ्या चढल्यावर वाक आपोआप निघेल या आशेवर राहू नये. फळ्या त्याला कायमचा कोंडून टाकतात.

बल्कहेड खाचेत बोटाच्या हलक्या दाबाने बसायला हवं. हातोडीने ठोकावं लागलं तर दहाबारा बल्कहेडं मिळून कण्याला कमान आणतात, आणि सैल असेल तर ते तिरकं चिकटतं. प्रत्येक बल्कहेड गुण्या लावून काटकोनात धरावं आणि शेजारच्या दोन बल्कहेडांमध्ये नेमक्या मापाचे ठोकळे चिकटवावेत. हे ठोकळे आकृतीत दाखवलेले नसतात, तरी घालावेत. त्यांच्यामुळे पट्ट्यांच्या ताणाने सांगाडा पिळत नाही. नाळेकडचे पहिले दोन गाळे आणि पिछाडीचा शेवटचा गाळा मऊ लाकडाने पूर्ण भरून आकारात घासावेत, कारण तिथे वळण तीव्र असतं आणि पट्टीला चिकटायला बल्कहेडची कड पुरत नाही.

आता पिछाडीची जाडी. समजा कण्याचं प्लायवूड 5 मिमी आहे आणि मागचा उभा खांब, ज्याला सुकाणू टांगतात, तोही 5 मिमी. पहिला थर 1.5 आणि दुसरा 0.5, म्हणजे एका बाजूला 2 मिमी, दोन्ही मिळून 4. दोन्ही थर खांबाशी येऊन सपाट मिळायचे असतील तर तिथे प्लायवूड फक्त 1 मिमी उरायला हवं. ते तासलं नाही तर शेवट 9 मिमी जाड होतो आणि 5 मिमीचं सुकाणू त्यावर कागदासारखं दिसतं. आराखड्यात फळ्यांची आतली बाजू कण्याला जिथे टेकते ती वक्र रेषा असते. त्या रेषेपासून खांबापर्यंत प्लायवूड दोन्ही बाजूंनी उतरतं करत न्यायचं. बल्कहेडं चिकटवण्यापूर्वी हे पटाशीने दहा मिनिटांचं काम आहे. नंतर हात शिरत नाही. नाळेच्या खांबाला आणि कण्याला फळीच्या जाडीएवढी खाचही याच वेळी पाडून घ्यावी.

उतार घासणं

प्रत्येक बल्कहेडची कड काटकोनात कापलेली येते, पण जहाजाचं अंग पुढे आणि मागे निमुळतं होत जातं. म्हणजे 5 मिमी जाड बल्कहेडची एकच धार फळीला टेकते. पुढच्या अर्ध्या भागात बल्कहेडची नाळेकडची धार आणि मागच्या अर्ध्या भागात पिछाडीकडची धार घासून उतार द्यायचा. दुसऱ्या धारेला हात लावायचा नाही, कारण आराखड्यातला आकार तिच्यावर आहे. सगळ्या कडा आधी पेन्सिलने काळ्या करून घ्याव्यात. काळा रंग घासत घासत न हलणाऱ्या धारेवर केसाएवढी रेघ उरली की थांबायचं.

एका बल्कहेडपुरतं घासलं की खड्डा पडतो. लवचिक लाकडी पट्टीवर 80 किंवा 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, एका वेळी किमान तीन बल्कहेडांवरून हात फिरवावा. मग 1.5 × 4 मिमीची सरळ रेषांची पट्टी डेकच्या रेषेवर, पोटावर, कण्याजवळ आणि तिरकीही टेकवून पाहावी. ती प्रत्येक कडेवर पूर्ण रुंदीने बसायला हवी. एखाद्या ठिकाणी उचलली गेली तर ते बल्कहेड उंच आहे, खाली फट राहिली तर खोल. खोल जागी 0.5 मिमी विनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चिकटवून पुन्हा घासावं. त्या बल्कहेडच्या उंचीपर्यंत बाकीची सगळी उतरवण्याचा मोह टाळावा, त्यात जहाज दोन्ही बाजूंनी वेगळं होतं. शेवटी पट्टी लावलेली असताना एक डोळा मिटून नाळेकडून लांबवर पाहावं. हाताला न लागणारा उंचवटा डोळ्याला लगेच दिसतो.

माझ्या अंदाजाने सगळ्या मॉडेलच्या देखणेपणाचा निम्मा भाग या टप्प्यावर ठरतो. कंटाळवाणं काम आहे, आणि किटच्या सूचनापत्रात त्याला एक ओळ मिळते.

पट्ट्यांचा हिशेब

मधल्या बल्कहेडवर कागदाची बारीक पट्टी डेकच्या कडेपासून कण्यापर्यंत गुंडाळून घेर मोजावा. समजा तो 110 मिमी आला. 5 मिमीच्या पट्ट्या असतील तर 22 ओळी. आता नाळेच्या पहिल्या बल्कहेडवर मोजलं आणि 66 मिमी आले, तर त्या 22 ओळी तिथे प्रत्येकी 3 मिमी रुंद व्हायला हव्यात. पिछाडीला 121 मिमी असेल तर तिथे प्रत्येकीची रुंदी 5.5 मिमी हवी.

एवढ्या तीन आकड्यांत बहुतेक सगळं आलं. पुढे प्रत्येक पट्टी 5 वरून 3 पर्यंत निमुळती करायची. मागे 6 मिमीच्या पट्टीतून 5.5 कापून घ्यायची, किंवा 5 मिमीच्याच ठेवून उरलेले 11 मिमी दोन जादा पाचरीसारख्या पट्ट्यांनी भरायचे. खऱ्या जहाजांवरही पिछाडीला अशा पट्ट्या असत, त्यामुळे त्यात कमीपणा नाही.

मर्यादा एकच: कोणतीही पट्टी तिच्या मूळ रुंदीच्या निम्म्याहून बारीक होता कामा नये. नाळेकडे घेर 46 मिमी असता तर 22 ओळींना 2.1 मिमी मिळाले असते, आणि निम्मी रुंदी 2.5 आहे. 18 ओळींना भागलं की 2.56 येतात. म्हणजे चार ओळी नाळेच्या अलीकडेच संपवायच्या. त्यासाठी शेजारच्या दोन ओळींच्या जागी एकच, पुढे रुंद झालेली फळी बसते. तिला पायरीसारखी खाच पाडतात आणि संपणारी फळी त्या खाचेत बोथट टोकाने थांबते. टोकदार सुई ठेवायची नाही. खऱ्या फळीत त्या सुईला खिळा मारताच ती फुटली असती.

ओळींची खूण प्रत्येक बल्कहेडवर हवी. 22 वेळा भागाकार करत बसण्यापेक्षा कागदावर पंख्यासारखा पसरत जाणारा रेषांचा संच काढावा: एकाच बिंदूकडे जाणाऱ्या 23 रेषा, म्हणजे 22 गाळे. बल्कहेडचा घेर मोजलेली कागदी पट्टी त्यावर सरकवत न्यायची, दोन्ही टोकं पहिल्या आणि शेवटच्या रेषेला लागली की मधल्या सगळ्या रेषांच्या खुणा पट्टीवर उतरवून घ्यायच्या आणि तशाच बल्कहेडवर. मोठ्या जहाजाला तीन किंवा चार पट्टे आधी पाडून घेतले तर चूक एका पट्ट्यातून दुसऱ्यात जात नाही.

चढवणं

पहिली ओळ डेकच्या कडेची, तिच्या खाली तीन-चार. मग खाली कण्यालगतची. या कण्यालगतच्या फळीवर नवखे हमखास चुकतात: ती सरळ पट्टी असल्यामुळे नाळेकडे नैसर्गिकपणे वर चढू पाहते आणि तिला तसं जाऊ दिलं जातं. मग तिच्यावरच्या सगळ्या ओळी वर ढकलल्या जातात, आणि नाळेकडे जागा कमी पडून सगळ्या सुया होतात. तिचं पुढचं टोक खालीच, पहिल्या बल्कहेडच्या आसपास कण्याच्या वळणाशी संपवावं. मागे मात्र तिला पूर्ण रुंदी द्यावी. यानंतर वरून एक, खालून एक असं करत शेवटची ओळ पोटाच्या वळणाखाली, कमी दिसणाऱ्या जागी मिळवावी.

डावी आणि उजवी बाजू आलटून पालटून. एका बाजूला पाच ओळी आणि दुसरीकडे एकही नाही, असं झालं की पट्ट्यांच्या ताणाने सांगाडा एका बाजूला वळतो, आणि तो नंतर सरळ होत नाही. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जोडीनेच शिकंजात धरून तासल्या, तर त्या सारख्या निमुळत्या होतात.

वाकवण्याबद्दल गैरसमज फार आहेत. पट्टी वाकते ती उष्णतेने. ओल्या लाकडातलं लिग्निन (तंतू एकत्र धरणारा घटक) 100 अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि थंड झाल्यावर नव्या आकारात घट्ट होतं. पाणी ही उष्णता आतपर्यंत पोहोचायला मदत करतं. लाइमची 1.5 मिमी पट्टी 15-20 मिनिटं भिजवून गरम इस्त्रीच्या कडेवर किंवा हेअर ड्रायरखाली वळवली की पुरे. रात्रभर भिजवून काही मिळत नाही, लव तेवढी उठते. वाकवलेली पट्टी जागेवर क्लॅम्पने धरून पूर्ण वाळू द्यावी, आणि मगच गोंद. ओली पट्टी रुंदीत फुगलेली असते. प्रत्येकीत 0.2 मिमी फरक धरला तरी 20 ओळींत 4 मिमी होतात, आणि वाळल्यावर ते सगळे फटींच्या रूपाने परत मिळतात.

नाळेच्या वळणावर पट्टीला सपाट बाजूनेच नाही, तर तिच्या कडेच्या दिशेनेही वाक लागतो. तो दिला नाही तर पट्टीची एक कड कौलासारखी वर उचलली जाते, आणि ती घासून सपाट करताना तिथली पट्टी कागदाएवढी पातळ होते. उपाय असा: फळकुटावर पट्टी सपाट ठेवून एक टोक क्लॅम्प करावं, दुसरं टोक बाजूला ओढून क्लॅम्प करावं, मधला भाग उचलला जाऊ नये म्हणून वर ठोकळा ठेवावा आणि हेअर ड्रायरने गरम करावं. हव्या त्यापेक्षा थोडा जास्त वाक द्यावा, सुटल्यावर पट्टी थोडी परत येते. पोटाच्या वळणावर शेजारच्या फळ्या बाहेरून फाकतात, म्हणून तिथे लागणाऱ्या कडेला आतल्या बाजूने किंचित उतार द्यावा. हे न केल्यानेच सुरुवातीला सांगितलेल्या त्या फटी पडतात.

गोंद पांढरा पीव्हीए. तो सरकवायला वेळ देतो आणि सांध्यात थोडी लवचिकता ठेवतो. सायनोअ‍ॅक्रिलेटने (सुपरग्लूने) काम झटपट होतं, पण तो ठिसूळ असतो आणि जिथे सांडतो तिथे लाकडाची रंध्रं बंद करतो. तेल किंवा रंग त्या डागावर चढत नाही, आणि हे वॉर्निश लावताना दिसतं. पटकन धरण्यासाठी दर दोन-तीन बल्कहेडांवर त्याचा एक थेंब, बाकी सगळीकडे पीव्हीए, हा मध्यममार्ग चालतो. दुसऱ्या थरासाठी कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह सुचवतात, ते मी टाळायला सांगेन. काही वर्षांनी ते सुकून पातळ पट्ट्यांची टोकं उचलली जातात.

पहिला थर झाल्यावर 120 ने घासणं सुरू करून 240 पर्यंत जावं. मध्येमध्ये आतून टॉर्च लावून पाहावं. जिथे लाकडातून उजेड लाल झिरपतो तिथे आणखी घासू नये. 1.5 मिमीच्या पट्टीत खरी मोकळीक अर्ध्या मिमीची असते.

दुसऱ्या थरात फळ्यांची लांबीही खरी दिसायला हवी. 60 सेंमीची अख्खी पट्टी 1:64 ला 38 मीटरची फळी होते, आणि तेवढं झाड मिळत नाही. 20 ते 25 फुटांच्या फळ्या म्हणजे 95 ते 119 मिमी. सांधे पसरवण्याचा जुना नियम: एकाच फ्रेमवर (खऱ्या जहाजाच्या बरगडीवर) दोन सांधे आले तर त्यांच्यामध्ये तीन अखंड ओळी असाव्यात. शेजारच्या दोन फळ्यांचे सांधे पाच फुटांहून जवळ नकोत, म्हणजे 1:64 ला 24 मिमी.

लाकडी खिळ्यांचा मोह जपून. खरे खिळे साधारण एक ते दीड इंच व्यासाचे, म्हणजे 1:64 ला 0.4 ते 0.6 मिमी. 1 मिमीची काडी लावली तर ती खऱ्या जहाजावर 64 मिमीची होते आणि सगळ्या अंगावर देवी आल्यासारखं दिसतं. बांबूचे तंतू लांब आणि सरळ असतात, त्यामुळे भोकांच्या पोलादी पट्टीतून ओढत 0.5 मिमीपर्यंत नेता येतो. तारेसाठी ही पट्टी रुंद तोंडाच्या बाजूने वापरतात, बांबूसाठी उलट, कारण इथे धारेने छिलायचं असतं. त्यापेक्षा खिळे गाळलेलेच बरे, असं 1:96 च्या मॉडेलबद्दल मी बेधडक म्हणेन.

तांब्याचे पत्रे लावायचे असतील तर आधी साल पाहावं. ब्रिटिश नौदलात तांब्याचे प्रयोग 1760 च्या दशकात सुरू झाले. व्हिक्टरीला तांबं 1780 मध्ये बसलं. 1765 च्या रूपातल्या व्हिक्टरीला तांबं लावणं चूकच. पत्रा 4 फूट × 14 इंचांचा, 1:64 ला 19 × 5.6 मिमी. किटमधल्या पत्र्यांवरचे उठावदार खिळे खऱ्या प्रमाणात टेनिसच्या चेंडूएवढे भरतात. साधी तांब्याची चिकटपट्टी कापून लावली तर जास्त खरी दिसते.

तोफांची दारं आणि डेक

दारांच्या चौकटी दुसऱ्या थराआधी बसवाव्यात. खालची आणि वरची कड डेकच्या चढ-उताराला समांतर, उभ्या कडा मात्र कण्याला काटकोनात. म्हणजे टोकाकडची दारं नेमकी चौकोनी नसतात, किंचित तिरकी असतात. गुण्या लावून प्रत्येक दार चौकोनी केलं तर सगळी ओळ पडल्यासारखी दिसते.

डेकच्या फळ्या साधारण 25 सेंमी रुंद, म्हणजे 1:64 ला 4 मिमी. फळ्यांमधल्या डांबराची रेघ खरी 6 ते 10 मिमी, मॉडेलवर 0.1 ते 0.15. मऊ पेन्सिल फळीच्या एका कडेला फिरवली की पुरते. काळा दोरा घालणं बटबटीत होतं. मार्करची शाई तर वॉर्निशखाली लाकडात पसरते. डेकच्या कडेला फळी तिरकी संपत असेल आणि तो उतार रुंदीच्या दुपटीहून लांब होत असेल, तर टोक काठाच्या फळीत खाच पाडून बोथट बसवतात.

डोलकाठ्या आणि दोर

गोल काडी विकत आणून निमुळती करण्यापेक्षा चौकोनी काठीपासून सुरुवात करावी. चारही बाजूंवर 5:7:5 या प्रमाणात दोन-दोन रेघा मारून कोपरे त्या रेघांपर्यंत रंध्याने काढले की नेमका अष्टकोन मिळतो. मग सोळा बाजू, मग घासून गोल. अठराव्या शतकाच्या इंग्रजी पद्धतीत परबाणाची (शिडाच्या आडव्या काठीची) मधली जाडी एक धरली, तर मध्यापासून टोकाकडे पहिल्या चतुर्थांशाला 30/31, दुसऱ्याला 7/8, तिसऱ्याला 7/10 आणि टोकाला 3/7. मधे 8 मिमी असेल तर 7.7, 7, 5.6 आणि 3.4. म्हणजे उतार सुरुवातीला जवळजवळ नसतो आणि टोकाकडे वेगाने वाढतो. सरळ शंकू केलेलं परबाण जाणकाराला लांबूनच ओळखू येतं.

दोरांची जुनी मापं घेराची असतात, व्यासाची नाही. हे विसरलं की सगळे दोर तिपटीने जाड होतात. 9 इंच घेराचा श्राउड (डोलकाठीला बाजूने ताणून धरणारा दोर) म्हणजे 73 मिमी व्यास, 1:64 ला 1.14 मिमी. श्राउडांवरच्या शिडीसारख्या रॅटलाइनचा दोर दीड इंच घेराचा, मॉडेलवर 0.19 मिमी, आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर खरं 33 सेंमीच्या आसपास, म्हणजे 5.2 मिमी. तेवढ्या अंतराच्या रेघांचा कागद श्राउडांच्या मागे ठेवून गाठी माराव्यात. गाठ ओढताना श्राउड एकमेकांकडे खेचले जातात आणि मधोमध कंबर पडते. ते टाळायला दर दहाएक पायऱ्यांवर एक पातळ काडी तात्पुरती आडवी बांधून ठेवावी.

दोर घरी वळायचा असेल तर पिळाची दिशा सांभाळावी. जहाजावरचे बहुतेक दोर उजव्या पिळाचे, नांगराचा जाड दोर डाव्या पिळाचा. शिवणकामाचा नेहमीचा धागा आधीच उजव्या पिळाचा असतो, आणि प्रत्येक टप्प्यावर पीळ उलटतो, म्हणून असे तीन धागे वळले की डाव्या पिळाचा दोर होतो. उजवा हवा असेल तर आधी दोन-दोन धाग्यांची डावी लड, मग तीन लडींचा उजवा दोर. एक मीटर धाग्यातून पाऊण मीटरच्या आसपास दोर निघतो. पॉलिएस्टर हवेतल्या ओलाव्याने फारसा आखडत नाही. सुती दोर आज ताठ ओढले तर दमट हवेत डोलकाठ्या वाकवतात. डांबर लावलेले, कायम बांधलेले दोर गडद तपकिरी, हलणारे दोर फिकट.

श्राउड जोडीने चढतात: उजवीकडची सगळ्यात पुढची जोडी पहिली, मग डावीकडची, असं मागे मागे. खालच्या-वरच्या डेडआयमधलं (श्राउड ताणायच्या, भोकं असलेल्या गोल ठोकळ्यांमधलं) अंतर सारखं ठेवायला तारेचा आकडा वाकवून दोघांच्या भोकांत अडकवावा आणि मगच वरची गाठ पक्की करावी. नजरेने केलं तर वरच्या डेडआयची रांग हमखास लाटेसारखी येते.

पेटी

शेवटचा हात शेलॅकचा किंवा तेलाचा, मंद चमकेचा. शेलॅक अल्कोहोलने पुन्हा विरघळतं, त्यामुळे दुरुस्ती सोपी. चकचकीत वॉर्निशने सगळं प्लॅस्टिकसारखं दिसतं.

काचेची पेटी हवीच, कारण दोरांवर बसलेली धूळ निघत नाही. पण पेटीचा तळ ओक किंवा एमडीएफचा नको. या लाकडांतून आम्लाची वाफ सुटत राहते आणि बंद हवेत ती साठते. शिशाचे ओतीव नांगर, तोफा, पुतळे अशा हवेत पांढऱ्या भुकटीने झाकले जातात आणि हळूहळू आतून पोखरले जातात. संग्रहालयांतल्या जुन्या मॉडेलांना हा रोग झालेला आहे. शिशाऐवजी पितळेचे किंवा लाकडाचे भाग वापरावेत, आणि पेटीच्या मागच्या बाजूला खाली व वर काही भोकं पाडून त्यांवर आतून बारीक जाळी लावावी.